वर जायची चिठ्ठी आहे, खाली यायची नाही

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

  

आज सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्या गावातलं सरकारी आरोग्य केंद्र किती वाजता उघडतं? गुगल करू नका. नुसतं आठवून सांगा. तिथल्या डॉक्टरांचं नाव काय? तुमच्या गल्लीच्या आशाताई कोण? त्यांचा नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह आहे का?

मी हे प्रश्न आमच्या नशिराबादच्या कट्ट्यावर विचारले. आठ-दहा पोरं होती. जळगावातल्या चार-पाच खासगी दवाखान्यांची नावं सगळ्यांनी पटापट सांगितली. कुठल्या डॉक्टरची फी किती, कुठे सोनोग्राफी लवकर होते, सगळं तोंडपाठ. गावातल्या केंद्राची वेळ मात्र एकालाच माहीत होती, आणि तीही त्याची बहीण बाळंतपणाला आलेली होती म्हणून. तर आजचा भाग याच्यावरच: आपल्या जवळ काय आहे, आणि जवळ असूनही ते आपल्याला का मिळत नाही.

आधी गाव सांगतो, बाहेरच्या श्रोत्यांसाठी. नशिराबाद म्हणजे जळगाव आणि भुसावळच्या मधलं गाव. राष्ट्रीय महामार्ग गावाला लागूनच जातो, टोलनाका आहे, सिमेंटचा कारखाना आहे. झिपरू अण्णा महाराजांची समाधी इथलीच. जळगाव दहा-बारा किलोमीटर. याच महामार्गावर जळगाव खुर्दला खासगी मेडिकल कॉलेज आणि त्याचं मोठं हॉस्पिटल. तिकडे जळगावात सरकारी मेडिकल कॉलेज, २०१७ साली मंजूर झालेलं. भुसावळला रेल्वेचं हॉस्पिटल. नकाशा उघडून बघितला तर कोणीही म्हणेल, तुम्हाला काय कमी आहे भो? सातपुड्यातल्या पाड्यावरचा माणूस तक्रार करेल तर समजू शकतो, तुम्ही कशाला रडता?

मुद्दा बरोबर आहे. चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतल्या पाड्यांवरची अवस्था आमच्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. पण नकाशा किलोमीटर मोजतो. माणूस मोजतो दिवस आणि मजुरी.

माझ्या मावशीचं सांगतो. मावशी शेतमजुरीला जाते. बीपी आहे, गोळी रोजची. पोटात दुखायचं म्हणून ती एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेली. नाव घेत नाही, कारण हे एकाच ठिकाणी होतं असं नाही. पहिल्या दिवशी केस पेपर, रांग, डॉक्टर, सोनोग्राफी लिहून दिली. तारीख मिळाली पुढच्या आठवड्याची. दुसऱ्या खेपेला सोनोग्राफी झाली, पण रिपोर्ट हातात येईपर्यंत ओपीडी बंद. तिसऱ्या खेपेला रिपोर्ट दाखवला, तर आधीचे डॉक्टर नव्हते, दुसऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडाली. वर रिक्षाभाडं, वर सोबत आलेल्या मुलाचा खाडा. पोटदुखीचं निदान झालं, गंभीर काही नव्हतं. त्याच वेळी बीपीची गोळीही तिथून दर महिन्याला घेऊन जा असं सांगितलं.

चौथ्या खेपेला मावशी गेलीच नाही. मला म्हणाली, "दुखणं परवडतं रे बाबा, दवाखाना परवडत नाही."

गोळी बंद झाली. दोनेक महिन्यांनी एका सकाळी तिचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं, डावा हात उचलेना, बोलणं जड झालं. शेजारच्या पोरानं १०८ला फोन केला. मावशी वाचली. आज चालते, बोलते. पण डाव्या हातात अजून जोर नाही, आणि निंदणी-खुरपणीचं काम सुटलं ते सुटलं.

आता यातली खरी गोष्ट ऐका. ती बीपीची गोळी आमच्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळत होती. फुकट. मी नंतर जाऊन विचारलं. तीस वर्षांवरच्या लोकांचं बीपी आणि साखर तपासणं, गोळ्या देणं, हे तिथलं नेहमीचं काम आहे. म्हणजे मावशी ज्या गोळीसाठी मजुरी बुडवून जळगावला जाणार होती, ती तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. पण मोठ्या रुग्णालयात तिला कोणी म्हणालं नाही, की ताई, आता इकडे यायची गरज नाही, ही चिठ्ठी घ्या, गावच्या केंद्रात दाखवा, तिथे गोळी मिळेल.

आपल्या व्यवस्थेत वर जायची चिठ्ठी आहे. आशाताई केंद्रात पाठवतात, केंद्र ग्रामीण रुग्णालयात पाठवतं, तिथून सिव्हिलला, सिव्हिलहून मुंबई-पुण्याला. पण वरून खाली यायची चिठ्ठी बहुतेक वेळा कोणी देत नाही. म्हणून वर गर्दी होते. गर्दी होते म्हणून तारीख मिळते. तारीख मिळते म्हणून माणूस मध्येच सोडून देतो. आणि खालचं केंद्र ओस पडतं, मग लोक म्हणतात, तिथे काय आहे?

असं का होतं? कारण हे दवाखाने एका घरातले नाहीत. आपल्याला सगळं 'सरकारी' म्हणून एकच वाटतं. आत डोकावलं तर मालक वेगवेगळे.

प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे. तिथले साहेब म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. सपाटीच्या भागात साधारण ३० हजार लोकांमागे एक केंद्र, ५ हजारांमागे एक उपकेंद्र, हजारामागे एक आशा, असं प्रमाण ठरलेलं आहे. ग्रामीण रुग्णालय म्हणजे ३० खाटांचं आणि उपजिल्हा रुग्णालय, ही दोन्ही जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय तिसऱ्याच खात्याकडे, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तिथे अधिष्ठाता म्हणजे डीन. आणि गावातली गटारं, कचरा, पिण्याचं पाणी, डासांची फवारणी हे नगरपरिषदेकडे.

नशिराबाद पूर्वी ग्रामपंचायत होती, तीही मोठी. आता नगरपरिषद आहे. लोकांना वाटलं, आता शहर झालो, शहरासारखा दवाखाना येणार. पण राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान साधारण ५० हजारांच्या वरच्या शहरांसाठी आहे. त्याहून लहान गावं नगरपरिषद झाली तरी आरोग्यासाठी ग्रामीण व्यवस्थेतच राहतात. म्हणजे कागदावर शहर, दवाखाना जिल्हा परिषदेचा. तक्रार करायला नगरसेवकाकडे गेलं तर तो म्हणतो, हे आमच्याकडे येत नाही. आणि तो खोटं बोलत नसतो!

याचा फटका कसा बसतो, एक उदाहरण. १५ ऑगस्ट २०२३पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत झाल्या. केस पेपरचे पैसेही नाहीत. बातमी सगळ्यांनी वाचली. पण वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नव्हता. आता खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला काय कळणार, कुठली भिंत कुठल्या खात्याची आहे? तो म्हणतो, सरकारनं फुकट केलंय आणि हे पैसे मागतात. खिडकीतला म्हणतो, आमच्याकडे तसा आदेश नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर. भांडण मात्र होतं.

बरं, हे सगळं 'मिळण्या'बद्दल झालं. आता 'चांगलं मिळण्या'बद्दल. दर्जा. दर्जा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एसी, काचेचा दरवाजा, नवं मशीन येतं. मला दर्जा म्हटलं की जून २०२० आठवतो.

तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत किंवा कॉलेजात असतील. कोरोनाची पहिली लाट. जळगावातला मृत्युदर इतका वर गेला होता की देशभर चर्चा होती. त्याच दिवसांत ऐंशी ओलांडलेल्या एक आजी जळगावच्या सिव्हिलमध्ये दाखल होत्या. २ जूनपासून त्या बेपत्ता. घरचे शोधतायत, पोलिसांपर्यंत प्रकरण गेलेलं. आणि १० जूनला त्या सापडल्या, त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात. मृत. आठ दिवस. डीन आणि इतर काही जण निलंबित झाले, देशभर बातमी झाली.

तेव्हा सगळीकडे खाटा किती, ऑक्सिजन किती, व्हेंटिलेटर किती, हीच मोजणी चालली होती. ती हवीच. पण त्या आजींना खाट मिळाली होती. कमी पडली ती कोणाची तरी नजर. रोज सकाळी खाट मोकळी दिसली तर 'ही बाई कुठे गेली' असं विचारणारा माणूस. स्वच्छतागृह रोज उघडून धुणारा माणूस. तेव्हाचे कर्मचारी काय ताणाखाली होते हे मला मान्य आहे, कितीतरी जणांनी जिवावर उदार होऊन काम केलं. पण म्हणूनच ती गोष्ट विसरायची नाही. एवढ्या मोठ्या इमारतीत सगळ्यात स्वस्त गोष्ट, म्हणजे नीट विचारपूस, तीच नसली तर महागडी यंत्रं काय करणार?

म्हणून माझी दर्जाची यादी अगदी साधी आहे. स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का? प्यायला पाणी आहे का? बाईला तपासताना पडदा लावतात का? गोळी कशी घ्यायची ते तिच्या भाषेत सांगतात का? आमच्याकडे अहिराणी बोलणारी म्हातारी असते, लेवा गणबोली बोलणारी असते, तडवी भाऊबंद आहेत. 'दिवसातून दोनदा' हे सांगायला डिग्री लागत नाही, पण थांबून सांगायला वेळ लागतो. आणि पुढच्या वेळी कुठे यायचं, हे लिहून देतात का?

आता कामाच्या गोष्टी. फोन हातात आहेच, तर स्क्रीनशॉट नाही, नंबर सेव्ह करा.

पहिली, १०८. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली. फुकट आहे, आणि गाडीत डॉक्टर असतो. १०२ ही गरोदर बायका आणि आजारी तान्ह्या बाळांसाठी. मावशीच्या बाबतीत शेजारच्या पोरानं एक फार शहाणपणाचं काम केलं. फोनवर त्यानं 'बरं नाही' असं मोघम सांगितलं नाही. तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, आणि हे किती वाजता सुरू झालं, हे सांगितलं. पक्षाघातात ती वेळ फार महत्त्वाची. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तोंड, हात, बोलणं, वेळ. चार शब्द. घरात सगळ्यांना शिकवा. तेल चोळत, दृष्ट काढत बसलात तर हे तास जातात.

दुसरी, जनआरोग्य योजना. आपल्या खान्देशाचा या योजनेशी जुना संबंध आहे. २ जुलै २०१२ला ती राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ला महात्मा फुले जनआरोग्य योजना असं नाव मिळालं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि पांढरं रेशनकार्ड असलं तरी चालतं. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. दाखल व्हायच्या आधी त्याला गाठा. आधी! बिल झाल्यावर नाही.

आमच्या ओळखीतल्या एका काकांकडे योजनेतल्या एका खासगी रुग्णालयानं ऑपरेशनच्या आधी डिपॉझिट मागितलं. 'योजनेचे पैसे उशिरा येतात, आधी भरा, मग बघू.' काकांच्या मुलीनं तिथेच उभं राहून योजनेच्या १५५३८८ या नंबरवर फोन लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. आवाज चढवला नाही, भांडली नाही. अर्ध्या तासात आरोग्यमित्र आला, कागद घेतले, डिपॉझिटचा विषय संपला. ती पोरगी बारावीला आहे. तुम्ही म्हणाल, प्रत्येक वेळी असं होईल का? नाही होणार. काही उपचार योजनेत नसतात, काही ठिकाणी अडवतातच. पण विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्याला वेगळी वागणूक मिळते, हे कडू सत्य आहे. आणि ज्या म्हातारीला विचारता येत नाही, तिच्यासोबत विचारू शकणारं माणूस असलं पाहिजे. ते माणूस आपण.

तिसरी, हायवे. चौपदरी रस्ता झाला, गाड्या सुसाट. अपघात आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेत. व्हिडिओ काढणारे दहा, उचलणारा एक. का? पोलिसांची भीती, कोर्टाची भीती. तर ऐका: २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. नाव सांगायची सक्ती नाही. आणि मे २०२५पासून अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे. ११२ला फोन करा, १०८ला फोन करा, आणि मोबाईलचा कॅमेरा खिशात ठेवा.

आता शेवटचा भाग, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा. एकट्यानं नंबर फिरवून एका काकांचं काम होतं. गावाचं कसं व्हायचं?

याचं उत्तर खान्देशातच आहे. २००७ साली महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पाच जिल्ह्यांत. त्यातला एक नंदुरबार. कल्पना एकदम सोपी. गावातलेच लोक, त्यात बायका जास्त, मिळून आपल्या केंद्राचं प्रगतिपुस्तक भरतात. नर्सबाई येतात का, औषध मिळतं का, पैसे मागतात का. लिहिता-वाचता येत नसेल तरी चालतं, कारण शेरे रंगात असतात: हिरवा, पिवळा, लाल. आणि मग जनसुनवाई. डॉक्टर, अधिकारी समोर बसलेले, आणि गावकरी एकेक उठून सांगतात. अधिकाऱ्यांनाही तिथे आपली अडचण सांगता येते, की पदच रिकामं आहे, मी काय करू. पाड्यावरची बाई कलेक्टर कचेरीतल्या माणसाला तोंडावर प्रश्न विचारू शकते, तर हायवेवरच्या नगरपरिषदेतल्या पदवीधर पोरांना काय अडचण आहे?

म्हणून मी या महिन्यात आमच्या चार मित्रांना घेऊन तीन गोष्टी करतोय. तुम्ही तुमच्या गावात करा.

एक. केंद्रात जाऊन शांतपणे विचारायचं: मंजूर पदं किती, भरलेली किती? रुग्ण कल्याण समितीची शेवटची बैठक कधी झाली? उत्तर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. डॉक्टरांना अडचणीत आणायला नाही. बऱ्याचदा डॉक्टरच सांगतात, बरं झालं विचारलंत, आमचं ऐकत नाही कोणी.

दोन. आपल्या गल्लीची यादी. बीपी-साखर असलेले किती, एकटे म्हातारे किती, अंथरुणाला खिळलेले किती. आशाताईंकडे यातलं बरंच असतं. त्यांना मिळतं ते मानधन, आणि कामं ढीगभर. त्यांच्यासोबत एक संध्याकाळ फिरा. यात निराधार माणसं सापडतील, त्यांचा संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळचा अर्ज राहिलेला असेल. महिन्याला निदान १५०० रुपये. पण तलाठ्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं आधार लिंक, यात म्हातारा माणूस हरवून जातो. फॉर्म भरायला तुम्हाला एक तास लागेल, त्यांना सहा महिने लागतात.

तीन. खाली यायची चिठ्ठी. तुमच्या घरातलं कोणी मोठ्या रुग्णालयातून घरी येत असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना एवढंच म्हणा: "साहेब, पुढच्या गोळ्या आणि तपासणी गावच्या केंद्रात होईल का? तसं कागदावर लिहून द्या." एक ओळ. ती ओळ घेऊन केंद्रात जा. तिथे कोणी सतत गोळीला यायला लागलं, की मागणी वाढते, मागणी वाढली की साठा मागवावा लागतो, नोंद होते. केंद्र वापरलं तर टिकतं. घरातल्या विहिरीसारखं आहे ते. उपसा बंद झाला की पाणी खराब होतं.

मावशी आता गोळी गावातूनच घेते. उजव्या हातानं डबी उघडते आणि मला आठवण करते, तुझंही बीपी मोजून घे म्हणून.

तर मंडळी, आजचं काम छोटं आहे. या आठवड्यात एकदा तरी गावच्या केंद्रात पाय ठेवा. उघडायची वेळ बघा, डॉक्टरांचं नाव विचारा, स्वच्छतागृहाची कडी बघा. आणि मला कळवा, कुठल्या गावात काय दिसलं, चांगलं असेल तर आधी चांगलं सांगा. पुढच्या भागात तुमच्या गावांची उत्तरं वाचून दाखवीन, गावाच्या नावासकट, माणसाच्या नावाशिवाय.

काळजी घ्या. ऊन वाढलंय, पाणी पीत राहा. भेटू, राम राम!